न झाडलेलं अंगण

बाभुळगाव
६ फेब्रुवारी २०२५

अर्पिता,

तुझा फोन लागत नाही. म्हणजे माझ्या नंबरवरून लागत नाही. शेजारच्या सदाशिवरावांच्या फोनवरून लागला, आणि माझा आवाज ऐकल्यावर बंद झाला. म्हणून पत्र लिहिते आहे. मी उभा जन्म पोस्टात काढला आहे. पत्र मधेच बंद करता येत नाही, एवढं मला माहीत आहे.

आशीर्वाद वगैरे लिहीत नाही, तुला नको असतात. एक माहिती द्यायची आहे, म्हणजे नंतर कोणी सांगितलंच नाही असं म्हणायला नको. हे घर मी विकलं. सदाशिवरावांनीच घेतलं, त्यांच्या धाकट्यासाठी. पाडव्याला किल्ली द्यायची आहे. गेल्या पावसाळ्यात मी न्हाणीत पडले होते आणि दूधवाला येईपर्यंत तिथंच होते. तेव्हा कळवलं नव्हतं, आता कळवते, कारण घर का विकलं हा प्रश्न तुला पडेल. पडला तर.

पाडव्यानंतर तू इथं आलीस तर दार दुसरं कोणी उघडेल. नवा पत्ता ठरला की लिहीन. यवतमाळात घर पाहते आहे. दवाखाने जवळ, पेन्शनची बँक जवळ. पण जागा स्वच्छ हवी. नुसतं घर नव्हे, गल्ली. घर कोणीही फिनेल टाकून चकचकीत करून दाखवतं. मी घराच्या आधी घराच्या मागं जाते. स्वयंपाकघराची मोरी जिथं नालीत उतरते तिथं उभी राहते. विजेच्या डीपीच्या खांबाखाली काय पडलं आहे ते बघते, कारण जी जागा कोणाचीच नसते तिथं माणसांची खरी रीत दिसते. एकदा सकाळी घंटागाडी यायच्या आधी जाते, एकदा बाजाराच्या दुसऱ्या दिवशी. आमच्या शाळेतल्या सिस्टर बेनेडिक्टा पोरींची नखं बघायच्या आधी कानांमागं बघायच्या. नखं सगळ्याच कापून येतात, म्हणायच्या.

जफर म्हणून एक ऑटोवाला आहे, तो फिरवतो. तिसरी वस्ती नापास केली तेव्हा म्हणाला, "मॅडम, तुमी घर पाहून राह्यले का सून?"

मी म्हटलं, "सुनेला नापास करता येत नाही. घराला येतं."

तो हसला. मग म्हणाला, "पास कोन झालं मंग आजवर?"

ऑटोवाल्यांना सगळीच उत्तरं द्यायची नसतात.

हे पत्र रजिस्टर करते आहे, पोचपावतीसकट.

आई


बाभुळगाव
१४ फेब्रुवारी

अर्पिता,

पोचपावती आली. सही तुझी नाही, कोणा वॉचमनची दिसते. म्हणजे पत्र बेंगळुरूला पोचलं, इमारतीच्या फाटकापर्यंत पोचलं. पुढचं मला माहीत नाही.

घर सापडलं. आर्णी रोडच्या आत एक जुनं ले-आउट आहे, त्यातली शेवटची गल्ली. अकीला बेगम नावाची बाई वरचा मजला किरायानं देते. तिच्या नवऱ्याचं मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं, तो वारला. वयानं माझ्याएवढीच, गुडघेही माझ्यासारखेच. मी नेहमीप्रमाणे आधी मागं गेले. अर्पिता, नाली कोरडी होती. कडेला चुना टाकलेला. डीपीखाली कागदाचा कपटा नाही. हिंदूंची घरं आहेत, मुसलमानांची आहेत, दोन बंजाऱ्यांची आहेत, आणि प्रत्येक दारासमोर सकाळी सडा पडलेला किंवा पाणी मारलेलं. यवतमाळात अशी गल्ली असेल असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याच्या तोंडावर हसले असते.

फक्त एक घर सोडून. ते नेमकं अकीलाच्या शेजारचं. बसकं कवेलूच्या छपराचं घर, समोर कडुनिंब, आणि अंगणात पाला. थर म्हणावा इतका. खालचा काळा पडलेला, वरचा पिवळा, त्यात एक फिकट झालेला प्लास्टिकचा चेंडू. फाटकाला गंज. माझ्या खोलीची खिडकी बरोब्बर त्या अंगणावर उघडते.

मी अकीलाला विचारलं, "या घरात कोणी राहत नाही का?"

"राहते ना. मथुराबाई."

"मग हात मोडले आहेत का तिचे?"

अकीला चहात साखर ढवळत राहिली. "आता तुमी राहाले याल, मंग समजन," एवढंच म्हणाली.

मी खिडकीपाशी उभी होते तेव्हा खाली पाला वाजला. दाबून पाय टाकावा तसा, एक, मग एक. खाली पाहिलं तर कोणी नव्हतं. कुत्रं असेल. मात्र कुत्रं असतं तर पलीकडे गेलेलं दिसलं असतं. आणि त्याच वेळी त्या घराचं दार आतून कोणीतरी बोटभर उघडलं आणि पुन्हा लावलं.

मी अकीलाला सांगितलं, घर पसंत आहे, ते अंगण साफ झालं तर घेते. ती म्हणाली, "मंग कठीन आहे."

आई


बाभुळगाव
१९ फेब्रुवारी

अर्पिता,

मी जे केलं ते मी पुन्हाही करीन. आधीच लिहून ठेवते.

काल सकाळी घंटागाडीच्या आधी पुन्हा गेले. वारं सुटलं होतं आणि त्या अंगणातला पाला उडून अकीलाच्या धुतलेल्या पायऱ्यांवर येत होता. अकीला आत चहा करत होती. तिच्या दारामागं खराटा होता. कोणाला सांगायचं, कोणाला विचारायचं, तक्रार कुठं द्यायची, यात माझं अर्धं आयुष्य गेलं आहे. मी खराटा घेतला, पदर खोचला आणि फाटक उघडून आत गेले.

गल्लीतली एक बाई सडा टाकता टाकता थांबली. दुसरी तिच्या दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं, लाज वाटली असेल. बरं झालं, वाटू दे. मी खालपर्यंत झाडलं. तो काळा थर निघेना तर टाचेनं खरवडला. खाली छान शेणानं सारवलेली जमीन होती, पोपडे आलेली. घंटागाडी आली, मी सगळं तिच्यात टाकलं, चेंडूसकट. गाडीवाला माझ्याकडे पाहत होता. मी म्हटलं, बघतोस काय, घे.

मग दुसऱ्यांदा हात फिरवत होते तेव्हा आतून आवाज आला. बाईचा, घाईचा. तिच्या बंजारा बोलीत ती काहीतरी म्हणाली, मला त्यातलं फक्त नाव कळलं: नेमसिंग. तिच्या हातून आतली कडी निघेना. कडी खडखडत राहिली, आणि तो सगळा वेळ ती आतून बोलत होती, हसत होती, अर्पिता. मी खराटा धरून उभी होते. दार उघडलं. माझ्याहून म्हातारी, हातात जुन्या पद्धतीच्या पांढऱ्या बांगड्या, डोक्यावर पदर ठरत नव्हता इतकी घाईत. तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या मागं पाहिलं. मग खाली, जमिनीकडे.

"कोनं झाडलं?" तिनं विचारलं.

"मी," म्हटलं.

तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. शिव्यांना मी उत्तर देऊ शकते.

अकीला धावत आली आणि मला हाताला धरून बाहेर घेऊन गेली. "बाई, हे काय करून बसले तुमी? त्या आंगनाले कोनी हात लावत नाही." मग तिनं सांगितलं. नेमसिंग हा मथुराबाईचा एकुलता मुलगा. ट्रकवर होता. चार वर्षांपूर्वी एका सकाळी कापसाच्या गाठी घेऊन दक्षिणेकडे निघाला. घरातलं माणूस गावाला निघालं की ते पोचेपर्यंत केर काढायचा नाही, ही रीत तुला माहीत आहे. तुझी आजी भागीरथाबाई हेच सांगायची आणि मी तिच्यासमोरच झाडू हातात घ्यायची. मेलेल्याच्या मागं लगेच झाडतात, जित्याच्या मागं नाही, म्हणायची. तर मथुराबाईनं ठरवलं, पोचल्याचा फोन आला की झाडीन. ट्रक सापडला, एका धाब्याजवळ, माल जसाच्या तसा. तो सापडला नाही. फोन आला नाही. तिनं झाडलं नाही. स्वतः मागच्या दारानं ये-जा करते, म्हणजे पुढचा पाला मोडायला नको. पाला वाजला की तिला कळतं, कोणीतरी आलं. आणि त्या अंगणात खराटा चालवायचा हक्क एकट्या त्याच्या पोचण्याला होता. आतून खराटा ऐकून तिला वाटलं, तो आला.

मी अकीलाला म्हटलं, "मग हे नगरपालिकेच्या लोकांनी आजवर कसं चालू दिलं?"

"त्याहीले गल्लीत येवाचं कामच पडू देत नाही आमी," ती म्हणाली. "आमी सारे मिळून सारी गल्ली झाडतो, नाली काढतो. घान दिसली तं ते येतीन. आले तं तेही आंगन झाडून टाकतीन. म्हनून."

ज्या स्वच्छतेला मी पास केलं होतं, ती यासाठी होती.

तरीही मी म्हणते, मला कोणी आधी सांगायला हवं होतं.

आई


बाभुळगाव
२ मार्च

अर्पिता,

पोचपावतीवर पुन्हा वॉचमन. त्याचं अक्षर आता मी ओळखते, सहीतल्या शेवटच्या अक्षराला शेपूट काढतो.

अकीलाचा फोन आला होता. मथुराबाई आता पुढचं दार लावत नाही. दिवसभर उंबऱ्यात बसून असते. जेवणाचं ताट अकीला नेते, ते तसंच परत येतं. अकीलानं तिला म्हटलं, आत तरी बस. तर म्हणाली, "आत बसली तं तो आला हे मले कसं समजन? पाला नाही आता." दोन रात्री तिनं तिथंच काढल्या. गल्लीतले काहीजण म्हणतात, बरंच झालं, आता तरी मानेल, दिवस वगैरे घालेल. अकीला तसं म्हणत नाही. मला म्हणाली, "खोली तुमालेच देईन, जबान देली आहे. पन आधी याचं काही करा. तुमी केलं, तुमीच करा."

काय करायचं? मी इकडे तिकडे घरं बघायला जाणं सोडून दिलं आहे. जफर म्हणतो, अजून दोन वस्त्या दाखवतो. मला कुठंच जावंसं वाटत नाही. पाडवा मात्र येतो आहे. सदाशिवराव रोज कुंपणावरून, "ताई, घाई नाही बरं," असं म्हणतात, म्हणजे घाई आहे.

इथं बदामाचा पाला पडतो आहे. तुला आठवत असेल, या दिवसांत पानं लाल होऊन पडतात, हाताएवढी. मी सकाळ-दुपार झाडायची. या आठवड्यात झाडलं नाही. मुद्दाम नाही, राहून गेलं. आणि काल दुपारी मी भांडी घासत असताना मागं अंगणात वाजलं. तसंच: एक, मग एक. मी हात न पुसता बाहेर गेले. कोणी नव्हतं. पानं तशीच होती. मी बराच वेळ तिथं उभी राहिले, आणि माझ्या लक्षात आलं की मी कुत्रं शोधत नव्हते.

तू त्या दिवशी गेलीस त्यावर आपण कधी बोललो नाही. तुझ्या सासूबाईंच्या ओट्यावर मी चार पाहुण्यांदेखत डेटॉलचं फडकं फिरवलं, ते तुला लागलं. ओटा चिकट होता. ते मी मागं घेणार नाही. पण तू इथं येऊन जे म्हणालीस, "आई, तुला माणसं नकोत, फरशी हवी आहे," आणि बॅग उचललीस, तेव्हा मी फाटकापर्यंत आले नाही. तुझा ऑटो वळायच्या आत मी खराटा घेतला. पाणीही मारलं. हातांना काहीतरी काम हवं होतं. तू ऑटोतून वाकून मागं पाहिलंस. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहते आहे हे तुला दिसलं नसेल, कारण मी मान वर केली नव्हती.

तू पोचल्याचं कळवलं नाहीस. मीही विचारलं नाही. आणि मी तर आधीच झाडून बसले होते.

आई


बाभुळगाव
११ मार्च

अर्पिता,

आज मी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या दारात कचरा टाकला.

कडुनिंबाचा पाला यवतमाळात कुठंही मिळाला असता. पण मी घरी दोन्ही पसरून चालून पाहिलं. कडुनिंबाचं पान ताजं पडलं की बारीक असतं, दबून जातं. थर जुना झाला तरच त्याला आवाज येतो, आणि जुना थर मी घंटागाडीत टाकला होता. बदामाचं पान पहिल्या दिवसापासून वाजतं. म्हणून आपल्या अंगणातला पाला पोत्यांत भरला. सदाशिवरावांनी कुंपणावरून विचारलं, "जाळाचा आहे का ताई?" मी म्हटलं, "न्यायचा आहे." त्यांनी पुढं विचारलं नाही. घर घेईपर्यंत माणसं फार समजूतदार असतात.

जफर बाभुळगावपर्यंत आला. पोती पाहून कपाळाला हात लावला.

"मॅडम, लोकं कचरा टाकाले जाते. तुमी आहेर आनल्यासारखा नेऊन राह्यले."

"तू ऑटो चालव."

"चालवतो ना. पन कोनी विचारलं तं काय सांगू? सफाईची शौकीन बाई होती, एका दिवसात पलटली?"

"सांग, म्हातारी झाली."

"हे तं कोनीही मानन," तो म्हणाला. वाटेत स्वतःहूनच म्हणाला की तो नेमसिंगला ओळखत होता, स्टँडवर चहाला भेटायचा, फुकट कोणालाही लिफ्ट द्यायचा. पोती त्यानंच उतरवली.

मथुराबाई उंबऱ्यात बसली होती. खूप वाळली आहे. मी फाटकापाशी पोतं उघडलं आणि आत ओतलं. गल्लीतल्या बायका आपापल्या दारांत उभ्या, अकीला पायरीवर. मला लाज वाटत होती. सिस्टर बेनेडिक्टांनी मला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

मथुराबाई उठली नाही. एक पान तिच्यापर्यंत सरकलं, ते तिनं उचललं, उलटं केलं.

"हा पाला इथला नाही," ती म्हणाली. "बदामाचा हाय. कोठचा?"

"बाभुळगावचा. आमच्या घरचा."

ती माझ्याकडे पाहत राहिली. त्या दिवशी तिनं पाहिलं होतं तसं नाही.

"तिथून कोन गेलं?"

मी काय सांगायचं ठरवून गेले होते: माफी, चूक झाली, मला माहीत नव्हतं. ते सगळं बाजूला राहिलं.

"मुलगी," म्हटलं.

"पोचली का?"

बेंगळुरू. सातवा मजला. नोकरी. वॉचमनची सही. हे सगळं मला माहीत आहे, अर्पिता, आणि तरी तिला मी म्हटलं, "माहीत नाही."

ती भिंतीला धरून उठली. माझ्या हातातलं पोतं तिनं घेतलं नाही, फक्त बोटानं दाखवलं. "इकडे दाट टाक. दाराजोळ. तिथंच पाय पडते पह्यले." मी टाकलं. "फाटकाजोळ पातळ. वाऱ्यानं उडते तिथं." मी तसं केलं. आम्ही दोघींनी मिळून त्या अंगणात पाला पसरला. ती सांगत होती, मी वाकत होते. संपल्यावर ती आत गेली आणि पुढचं दार लावून घेतलं. अकीला म्हणाली, ते बंद झालेलं तिनं किती दिवसांनी पाहिलं. संध्याकाळी ती जेवली, असाही अकीलाचा फोन आला.

खोली मी घेतली. पाडव्याच्या आधी जाईन.

आई


यवतमाळ
३१ मार्च

अर्पिता,

नवा पत्ता पाकिटाच्या मागं लिहिला आहे. गल्ली शेवटची, जिना बाहेरून, दार निळं. विचारत आलीस तरी चालेल, मथुराबाईचं अंगण सगळ्यांना माहीत आहे.

काल पाडवा झाला. अकीलानं शीरखुर्मा पाठवला, आज तिची ईद. गल्लीत माझ्याकडे नालीचं काम आलं आहे. चुना मीच आणते आणि कमी टाकला की बोलते. बायका म्हणतात, मॅडम आल्यापासून घंटागाडीवाला घाबरतो. त्यानं घाबरलंच पाहिजे. मी खिडकी मात्र पुसून उघडीच ठेवते.

तुला हे लिहायचं नव्हतं, पण लिहिते. आज दुपारी ऊन अगदी डोक्यावर आलं होतं, पान हलत नव्हतं. मी खिडकीशी बसून तांदूळ निवडत होते आणि खाली पाला वाजला. फाटकापासून दारापर्यंत, सरळ, न थांबता. मी उठून पाहिलं. खाली मथुराबाई दार उघडून उभी होती. अंगणात कोणी नव्हतं. आम्ही दोघींनी ऐकलं होतं, हे आम्हा दोघींनाही दिसत होतं.

तिनं वर माझ्याकडे पाहिलं.

"माया पोरगा नव्हता," ती म्हणाली. "त्याचा पाय जड हाय. हा हलका होता."

मग तिनं दार लावून घेतलं. मी खालपर्यंत गेले. फाटक लावलेलं होतं. दाराजवळ तीन-चार पानं मोडलेली होती, ती आधीचीही असू शकतात.

मी अंधश्रद्धा मानत नाही. तुझ्या आजीशी त्यावरून जन्मभर भांडले. तू धडधाकट आहेस, ऑफिसात आहेस, माझ्यावर रागावून आहेस, हे मला माहीत आहे. तसाच राग ठेव, मी तो सोडायला सांगत नाही. वॉचमनला विचारायला मी फोन केला होता. तो म्हणाला, सात नंबर मजल्याच्या मॅडम बऱ्याच दिवसांत दिसल्या नाहीत, गावाला गेल्या असतील. कुठल्या गावाला, ते त्याला माहीत नव्हतं.

सोबत एक कोरं पोस्टकार्ड ठेवते आहे. त्यावर मजकूर लिहू नकोस. माझा पत्ता तेवढा तुझ्या हातानं लिही आणि पेटीत टाक. तुझं अक्षर मला ओळखू येतं.

आई